सरळ बघणारी आई

सायखेड्यात सोमनाथ कुटे घरात कुठे बसतो हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. दारातून आत गेलं की डाव्या हाताला भिंत, भिंतीवर त्याच्या मेलेल्या बायकोचा फोटो, आणि त्या फोटोकडे बरोबर पाठ करून एक लोखंडी खुर्ची. जेवण तिथेच, चहा तिथेच, कांद्याच्या भावावरून शिव्या देणंही तिथेच. टीव्हीसुद्धा या माणसाने समोरच्या भिंतीवर लावून घेतला, म्हणजे मान वळवायला कारण नको. फोटोचा हार बदलायचा तर हर्षालीची आत्या बदलायची, नाहीतर हर्षाली स्वतः. हर्षाली म्हणजे सोमनाथची एकुलती एक पोरगी. तिच्या नानांनी, म्हणजे सोमनाथने, त्या फोटोला कधी हात लावलेला कोणी पाहिला नव्हता.

हर्षाली दोन वर्षांची असताना तिच्या आईला, सिंधूला, कांद्याला पाणी भरताना पान लागलं. साप चावला असं तोंडाने म्हणायचं नसतं, पान लागलं म्हणायचं, पण म्हणून विष काही थांबत नाही. दवाखान्याच्या वाटेवरच सगळं आटोपलं. आता सोमनाथने उशीर केला की गाडीच वेळेवर मिळाली नाही, यावर गावाने पुढे वर्षानुवर्षं तोंडसुख घेतलं. "बायकोच्या नजरेला नजर देववत नाय त्याला, म्हणून पाठ करून बसतो," असं ओट्यावरच्या बायका म्हणायच्या. आणि म्हणायच्या कुठे, तर त्या पोरीच्या देखत! जनाची नाही, मनाची तरी ठेवावी की नाही माणसाने?

पोरगी ते ऐकतच मोठी झाली. आणि फोटोतली आई सगळं बघत राहिली. अगदी सरळ बघायची. मोठे काळे डोळे, पापणी म्हणून हलायची नाही. हर्षाली चुलीकडे गेली की आई चुलीकडे बघायची, मोरीकडे गेली की मोरीकडे. लहानपणी एकदा तिने गुळाचा खडा चोरला, भिंतीला चिकटून चिकटून गेली, की इथून काही दिसायचं नाही, आणि वर बघते तर आई तिच्याकडेच बघत होती. पोरीने गूळ परत डब्यात टाकला. दुपारी घरात एकटी असली की ती उंबऱ्यावर बसून अभ्यास करायची, कारण आत बसलं की मानेवर कुणीतरी बघतंय असं वाटायचं. भीतीही वाटायची आणि त्या डोळ्यांवाचून करमायचंही नाही. परीक्षेचा निकाल आधी आईला सांगायचा. मैत्रिणीशी भांडण झालं, आईला सांगायचं. आई रागावली की खूश झाली, ते तिला त्या डोळ्यांवरून कळायचं. एकच प्रश्न तिने आईला कधी तोंड उघडून विचारला नाही: नाना तुझ्याकडे का बघत नाहीत?

बारावीच्या सुट्टीत चुलतभावाचं लग्न झालं. लग्नाचा फोटोग्राफर जेवायला बसला तेव्हा त्याने कॅमेरा हर्षालीच्या हातात दिला, सांभाळ म्हणून. पोरीने लगेच डोळ्याला लावला. एक डोळा मिटला, मान जराशी कलती केली, ओठ आत ओढले आणि पंगतीत बसलेल्या नानांवर रोखला. सोमनाथचा घास हातातच राहिला. तो तिच्याकडे बघतच बसला, मग भरल्या ताटावरून उठला आणि मांडवाच्या मागे निघून गेला. झालं! पोरीच्या हातात कॅमेरा बघून बाप भडकला, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. हर्षालीनेही.

म्हणून तिने फोटोग्राफीच्या कॉलेजचं आधी भिंतीवरच्या आईला विचारलं. आई हो म्हणाली असं तिला वाटलं. मग कुठे तिने नानांसमोर विषय काढला. आत्या तर हसून हसून बेजार. "फोटो काढायला कॉलेज? अगं आजकाल बकऱ्या राखणारा पण फोटो काढतो! उद्या झोपायचंपण कॉलेज निघंल." सोमनाथने टीव्हीवरची नजर काढली नाही. तसाच बसून म्हणाला, "जाऊ दे तिला. शिकू दे." एवढंच. का, कशाला, काही नाही.

तर हर्षाली नाशिकला आली. निमाणी स्टँडवर उतरायचं, तिथून रिक्षाने कॉलेज, संध्याकाळी हॉस्टेल. फोटोग्राफीची पदवी म्हणजे दिवसभर बटण दाबायचं असं तिला वाटलं होतं, पण पहिलं वर्ष नुसतं उजेड बघण्यात गेलं. वेदिका मॅडम शिकवायच्या. बाई तोंडाने फटकळ, पण शिकवताना जीव ओतायच्या. "उजेड कुठून येतो ते आधी सांग, मग बटणाला हात लाव," हे त्यांचं पालुपद. माणसाच्या डोळ्यात उजेडाचा एक ठिपका असतो. समोर खिडकी असेल तर खिडकीच्या आकाराचा, दिवा असेल तर दिव्याचा. तो ठिपका नसला की जिवंत माणूसही मेलेला दिसतो. आणि माणूस थेट भिंगात बघत असला, की तो फोटो तुम्ही कुठेही उभे राहा, तुमच्याकडेच बघतो. हे मॅडमनी फळ्यावर आकृती काढून सांगितलं तेव्हा हर्षाली मनातल्या मनात हसली. म्हणजे आई नुसती भिंगात बघत होती! पण त्या शनिवारी घरी गेली, दार उघडलं आणि आईचे डोळे अंगावर आले, तेव्हा आकृतीबिकृती सगळी विसरली. डोळ्यांना काय माहीत मॅडमनी काय शिकवलंय ते!

तिसऱ्या वर्षाला प्रत्येकाने एक विषय धरून वर्षभर फोटो काढायचे असतात. हर्षालीने विषय घेतला 'भिंत'. निफाड तालुक्यातल्या घरांत लोक भिंतीवर काय काय लावतात ते: देव, लग्नं, पोरांच्या ढाली आणि मेलेली माणसं. मॅडम म्हणाल्या, "कर. पण नुसत्या भिंती नकोत, त्या घरातलं माणूस भिंतीशी कसं वागतं ते दिसू दे." हे ऐकून हर्षालीला खुर्ची आठवली. तिने ती मनातून झटकून टाकली.

पहिलं घर चांदोरीचं. पुंजाबाबा म्हणून एक म्हातारे, एकटेच राहायचे. त्यांनी मोठ्या कौतुकाने चहा केला, भिंतीवरचा बायकोचा फोटो धोतराच्या सोग्याने पुसला आणि म्हणाले, "ही माझी मंडळी. घे फोटू." हर्षालीने कॅमेरा डोळ्याला लावला आणि तसाच खाली घेतला. बोळकं तोंड, कपाळावर गोंदण, डोक्यावरून घट्ट पदर, आणि त्या सगळ्यात आईचे डोळे! तेच मोठे, तेच काळे, तेच सरळ. ती दोन पावलं डावीकडे सरकली. डोळे बरोबर आले.

"काय झालं पोरी? उन्हाचं आलीस, पाणी पी जरा."

"बाबा, आजी अशाच बघायच्या?"

"तर! हुबेहूब," म्हातारा म्हणाला आणि त्याने डोळे पुसले.

आपल्याला भास झाला असेल, असं तिने स्वतःला बजावलं. मग शिंगव्यात एका घरी हाराआडून आईने बघितलं. करंजगावात एक पंचविशीची सून होती, बाळंतपणात गेलेली, नाकात चमकी, ओठांवर तीळ. तिच्या चेहऱ्यातूनही आईच बघत होती. हर्षालीची पाचावर धारण बसली. कुठल्याही घरात पाय टाकायचा तर आधी भिंतीकडे बघायची हिंमत होईना. हॉस्टेलात ती मोबाइल पालथा ठेवायला लागली, कारण त्यात आईचा फोटो होता. एसटीत बायका समोर बसल्या की ती खिडकीबाहेर बघायची. कोण जाणे, एखादीने मान वर केली आणि तेच डोळे निघाले तर? घरी फोन करणं बंद केलं. लहानपणापासूनची तिची आई आता गावोगाव, परक्या बायकांच्या तोंडात जाऊन बसली होती आणि तिच्याकडेच बघत होती. का बघतेस गं? काय पाहिजे तुला? नानांनी काय केलं होतं तुझं?

शेवटी मॅडमनीच पकडलं. "काम थांबलंय. चेहरा उतरलाय. बोल." हर्षालीला रडूच फुटलं. तिने सगळे फोटो कॉम्प्युटरवर उघडून दाखवले, आईचा धरून. मॅडमनी एकेक डोळा मोठा केला, मोठा केला, शेजारी शेजारी लावला. प्रत्येक डोळ्यात उजेडाचा एक उभा चौकोन होता, वरून कमानीसारखा गोल, त्यावर गजांच्या रेघा. आणि चौकोनाच्या मधोमध काहीतरी काळं उभं होतं.

"दार आहे हे," मॅडम म्हणाल्या. "आणि मधे उभा आहे तो फोटो काढणारा. आता चेहरे बघ. तुझ्या आईच्या गालावर उजेड कुठून आहे?"

"डावीकडून."

"आणि डोळ्यात?"

हर्षाली पडद्याजवळ वाकली. डोळ्यात उजेड समोरून होता. तीन वर्षं उजेड बघायला शिकली आणि लहानपणापासून समोर असलेला फोटो तिने तसा कधी बघितलाच नव्हता.

"हे डोळे एकाच बाईचे आहेत, बाळा. ती बाई जिवंत होती तेव्हा काढलेले. तुझ्या आईचा फोटो बहुतेक गेल्यानंतरचा असावा. डोळे मिटलेले असणार. मग हे बसवलेत." मॅडमचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

त्या दिवशी तिने घरी फोन लावला. "नाना, आईचा फोटो कोणी काढला होता?" पलीकडे टीव्हीचा आवाज होता, तो बंद झाला. "निफाडच्या कारभारी फोटोवाल्याने," सोमनाथ म्हणाला. "का?" "सहज," म्हणून तिने फोन ठेवला.

कारभारी फोटोवाला पाच-सहा वर्षांपूर्वीच वारला होता. निफाडच्या पेठेत स्टुडिओचं शटर गंजून बसलं होतं. वरच्या पाटीवर 'जुन्या फोटोवरून नवीन फोटो करून मिळेल' एवढी ओळ अजून वाचता येत होती. मागच्या बाजूला घर. हर्षाली बोळातून मागे गेली आणि जागीच थांबली. समोर दार होतं. वरून गोल, कमानीचं, त्याला उभ्या गजांची जाळी. कडी वाजवायच्या आधीच जाळीमागे कोणीतरी आलं आणि तिच्या आईने तिच्याकडे बघितलं.

तेच डोळे. भोवती सुरकुत्यांचं जाळं, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला, पण तेच. फरक एकच होता, हे डोळे मिटत होते, उघडत होते. हर्षाली मटकन ओट्यावर बसली.

"अगं बाई! कोणाची गं तू?" म्हातारीने दार उघडलं. "चक्कर आली का काय? थांब, गुळपाणी देते."

ही चंद्रभागा, कारभारीची बायको. हर्षालीने पाणी घेतलं नाही. तिने मोबाइल काढून आईचा फोटो समोर धरला. चंद्रभागाने तो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला आणि खाली ठेवून दिला.

"आली का तू," ती म्हणाली. "कधीतरी कोणीतरी येणार, हे मला वाटायचंच."

मग ती सांगायला लागली. त्या वेळी खेड्यात बायाबापड्यांचे फोटो असायचे कुठे? लग्नाचा एखादा रोल, तोही जळून जायचा. निवडणुकीच्या कार्डावर नुसता काळा डाग. माणूस गेलं की तिरडी बांधायच्या आधी कारभारीला निरोप यायचा, आणि तो एम-एटी गाडीवर बसून जायचा. मढ्याला भिंतीला टेकवून बसवायचं, फोटो काढायचा. दहाव्याला घाटावर फोटो लागतो, आणि मिटलेल्या डोळ्यांचा फोटो लोकांना बघवत नाही. "डोळे उघडून द्या भाऊ, असं रडून म्हणायचे. आमच्या ह्यांना नाही म्हणवायचं नाही. कॉम्प्युटर नवा घेतला होता. मला त्या दारासमोर बसवलं आणि म्हणले, सरळ बघ, हलू नको. तेव्हापासून बाईमाणसाला माझे डोळे आणि बाप्यांना ह्यांचे स्वतःचे."

"आणि तुम्हाला काही वाटलं नाही?" हर्षाली ओरडलीच. "मी बावीस वर्षांची व्हायला आले. सगळं सगळं तुम्हाला सांगितलंय मी! आई समजून!"

चंद्रभागा रागावली नाही. "वाटायचं तर! पाहुण्यारावळ्यांत जायची सोय राहिली नाही. जिथं जावं तिथं मी भिंतीवर, हार घातलेली. जिवंतपणी किती घरांत मेलेय मी, काय सांगू? भांडायचे त्यांच्याशी. आता ते गेले, तर उलटंच झालं. कोणाच्या घरी म्हाताऱ्या बाप्याचा फोटो दिसला की मी त्याच्यासमोरच बसते. चहा गार होतो. लोक म्हणतात बाई भ्रमिष्ट झाली." ती हसली आणि पदराने डोळे टिपले. हर्षालीने मान फिरवली. ते डोळे रडताना तिने कधी पाहिले नव्हते, आणि ते तिच्यासाठी रडत नव्हते.

"कोणत्या गावची म्हणालीस?"

"सायखेडा. कुटे."

चंद्रभागा पुढे सरकली. "सोमनाथ कुटेची पोर? अगं, तुझा बाप विसरायचा माणूस नाय. सगळ्यांनी फोटो नेला आणि छातीशी धरून रडले. तुझा बाप दुसऱ्या दिवशी परत आला. या दारात उभा राहिला. म्हणला, भाऊ, ही माझी बायको नाय. ही सरळ बघती. माझी सिंधू असं कधी बघायची नाय. हे म्हणाले, अरे डोळे म्हणजे डोळेच. उद्या दहावा आहे, आता काय करू? तर तुझा बाप म्हणला, मग मिटलेलेच द्या. मला चालंल. पण बरोबर तुझी आत्या होती, अजून कोण कोण होतं. त्यांनी त्यालाच गप केलं, की मिटल्या डोळ्यांची बाई कोणी भिंतीवर लावतं का? गेला बिचारा तोच घेऊन. एवढ्या लोकांत ओळखणारा तो एकटा निघाला."

ओट्यावरच्या बायकांचं बोलणं, ती खुर्ची, तो समोरच्या भिंतीवरचा टीव्ही, सगळं तिच्या डोक्यात गरगरायला लागलं. बापाकडे ती एवढी वर्षं कोणत्या नजरेने बघत आली होती! आणि ती नजर तरी कुठून शिकली होती, तर या परक्या बाईच्या फोटोकडून.

निघताना चंद्रभागाने माळ्यावरची पत्र्याची पेटी काढायला लावली. निगेटिव्ह होत्या, गाववार पाकिटांत घालून ठेवलेल्या. "फेकायला मन झालं नाही," ती म्हणाली. सायखेड्याच्या पाकिटातून निघालेली पट्टी हर्षालीने दाराच्या उजेडात धरली. काळ्याचं पांढरं झालेला एक इवलासा चेहरा. डोळ्यांच्या जागी दोन रेघा.

कॉलेजात अजून एक जुनी डार्करूम होती, मॅडमनी हट्टाने टिकवलेली. लाल दिव्याखाली हर्षाली कागद रसायनात हलवत राहिली. आधी केस आले, मग कपाळ, मग मळवट. डावी भुवई उजवीपेक्षा जरा वर होती. मोठ्या फोटोत ती त्या डोळ्यांच्या धाकात कधी दिसलीच नव्हती. ओठ किंचित आत ओढलेले, जसं काही हसू दाबून झोप लागलीय. ही बाई हर्षालीकडे बघत नव्हती. कोणाकडेच बघत नव्हती. जन्मात पहिल्यांदा आईसमोर उभी राहून तिला भीती वाटली नाही, आणि ती हमसाहमशी रडली.

शनिवारी ती घरी गेली. सोमनाथ खुर्चीत होता. तिने टीव्ही बंद केला आणि तो फोटो त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने बघितलं. बघतच राहिला. मग अंगठ्याने ती वर गेलेली भुवई हळूच चोळली.

"ही," तो म्हणाला. "ही माझी सिंधू."

"नाना, तुम्हाला माहीत होतं. मग तो फोटो इतकी वर्षं का ठेवलात भिंतीवर? काढून टाकायचा ना!"

"कसा काढणार?" सोमनाथने मान वर केली नाही. "तू बोलायचीस तिच्याशी. शाळेतून आली की दप्तर टाकून आधी तिथं. म्हणलं, पोरीला आई मिळालीय, आपल्याला नसंना का."

हर्षाली त्याच्या पायाशी खाली बसली. मग तिने विचारलं, "आई कशी बघायची, नाना?"

"तिरकी." तो हसला. "कधी म्हणून सरळ बघायची नाय. एक डोळा बारीक करायची, मान अशी कलती, आणि हसू दाबायची. त्या लग्नात तू कॅमेरा लावलास ना डोळ्याला, तेव्हा..." त्याने हाताने बॅगेकडे खूण केली. "आणलाय का? लाव की एकदा."

हर्षालीने कॅमेरा काढला. एक डोळा मिटला. समोर नाना खुर्चीत बसले होते, मागे भिंतीवर चंद्रभागा सरळ बघत होती, आणि नाना तिच्याकडे, हर्षालीकडे, डोळे भरून बघत होते. तिला समोरचं सगळं धूसर दिसायला लागलं. तिने बोट बटणावरून काढून घेतलं आणि कॅमेरा तसाच डोळ्याला लावून ठेवला, त्यांचं बघून होईपर्यंत.